गुणपत्रकातला दुसरा रकाना

१४ ऑगस्ट २०१६ च्या रविवारी रात्री आमच्या घरातले दिवे बराच वेळ मालवले नव्हते. रिओ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या महिलांच्या व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीची, अंतिम फेरी होती आणि त्या आठ जणींमध्ये आगरतळ्याची दीपा कर्माकर होती. पात्रता फेरीत १४.८५० गुण मिळवून ती आठवी, म्हणजे अंतिम फेरीच्या अगदी शेवटच्या जागेवर आली होती. त्यामुळे पदकाची आशा धरावी की केवळ तिला तिथे पाहण्याचा आनंद मानावा, हे कोणालाच कळत नव्हते. तिच्या दोन्ही उड्या झाल्या, फळ्यावर १५.०६६ हा आकडा आला, आणि काही मिनिटांनी ती चौथी ठरली. कांस्यपदक मिळालेल्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाइनग्रुबरचे गुण होते १५.२१६. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सर्वत्र ०.१५० हा एकच आकडा होता आणि त्याच्यापुढे ‘थोडक्यात हुकले’ हे शब्द.

मी शाळेत गणित शिकवते. फरक सांगितला आणि तो कशाचा फरक आहे हे सांगितले नाही, तर मला चैन पडत नाही. बाबांना तर त्याहून मूलभूत शंका होती. त्यांच्या आठवणीतले जिम्नॅस्टिक्स १९७६ च्या मॉन्ट्रियलमधल्या नादिया कोमानेचीपाशी थांबलेले होते, जिथे दहापैकी दहा गुण दाखवण्याची सोय नसल्यामुळे फळ्यावर १.०० असा आकडा उमटला होता. “दहापैकी पंधरा कसे मिळतात?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्या रात्री घरात एकालाही त्याचे उत्तर देता आले नाही. पुढच्या आठवड्यात मी त्या फेरीचे संपूर्ण गुणपत्रक शोधून काढले, कागदावर उतरवून घेतले आणि बाबांच्या शेजारी बसून ते वाचले. तेव्हापासून हा खेळ मी पदकतक्त्यावरून पाहणे सोडले आहे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बारवरील कसरतीचे आरंभमूल्य पंचांनी १०.० ऐवजी ९.९ धरले आणि तो सर्वसाधारण स्पर्धेत (जिथे सगळ्या साधनांवरचे गुण एकत्र धरतात) अमेरिकेच्या पॉल हॅमच्या केवळ ०.०४९ मागे राहून तिसरा आला. त्या वादानंतर जुनी पद्धत फार काळ टिकणार नव्हती, आणि २००६ पासून कमाल दहा गुणांची मर्यादा गेली. आता प्रत्येक कसरतीला दोन वेगळे आकडे मिळतात. पहिला काठिण्याचा, ज्याला सगळे डी स्कोअर म्हणतात. खेळाडूने जे अवघड प्रकार करून दाखवले त्यांची ती बेरीज असते आणि तिला वरची मर्यादा नसते. दुसरा सफाईचा, म्हणजे ई स्कोअर. तो दहापासून सुरू होतो आणि प्रत्येक चुकीसाठी त्यातून वजाबाकी होत जाते. किरकोळ चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५ आणि पडल्यास पूर्ण १.०. अनेक पंच सफाईचे गुण देतात, टोकाचे गुण बाजूला ठेवले जातात आणि उरलेल्या तिघांची सरासरी घेतली जाते. मोठ्या स्पर्धांतले आकडे वारंवार ३३ किंवा ६६ वर का संपतात, हे कोडे मला तिथे उलगडले: तीनने भागल्याची ती खूण आहे. पंधरा गुण हे अशा दोन आकड्यांच्या बेरजेने होतात.

आता रिओचे गुणपत्रक. दीपाची पहिली उडी दोन गिरक्यांची त्सुकाहारा (मागच्या बाजूच्या कोलांटीची एक उडी) होती: काठिण्य ६.०, सफाई ८.८६६, एकूण १४.८६६. दुसरी प्रोदुनोव्हा, जिच्याविषयी पुढे लिहिते: काठिण्य ७.०, सफाई ८.२६६, एकूण १५.२६६. दोन्हींची सरासरी १५.०६६. श्टाइनग्रुबरची पहिली उडी काठिण्य ६.२ आणि सफाई ९.३३३ अशी १५.५३३ गुणांची, आणि दुसरी काठिण्य ५.८ व सफाई ९.१०० अशी १४.९०० गुणांची होती. मी या आकड्यांची नेहमीप्रमाणे आडवी बेरीज न करता उभी बेरीज केली. दोन्ही उड्या मिळून दीपाचे काठिण्य १३.० आणि श्टाइनग्रुबरचे १२.०. सफाईत दीपाचे १७.१३२ आणि श्टाइनग्रुबरचे १८.४३३. म्हणजे अवघडपणात आपली मुलगी पूर्ण एका गुणाने पुढे होती, आणि सफाईत १.३०१ गुणांनी मागे. उरलेल्या ०.३०१ चे निम्मे म्हणजे तो वर्तमानपत्रांतला ०.१५०. दोन उड्यांमध्ये मिळून एक मध्यम चूक कमी झाली असती, तर दोघींचे गुण तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सारखे झाले असते.

हे मांडून झाल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. ‘थोडक्यात हुकले’ या शब्दांनी नशिबाकडे बोट दाखवले होते. गुणपत्रक मात्र अतिशय नेमकेपणाने सांगत होते की पदक कुठे राहिले. ते गादीवर उतरण्याच्या क्षणात राहिले होते.

प्रोदुनोव्हाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे तिच्याबद्दल जेवढे छापून आले तेवढे समजावून सांगितले गेले नाही. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हाने १९९९ मध्ये ही उडी करून दाखवली आणि तिचे नाव उडीला मिळाले. जास्तीत जास्त २५ मीटर धावायचे, स्प्रिंगबोर्डवरून १२५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर समोरून हात टेकवायचे, आणि तिथून वर उसळल्यावर अंग गोळा करून पुढच्या बाजूला एकापाठोपाठ दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचे. मागच्या बाजूच्या कोलांटीत खेळाडूला उतरण्यापूर्वी जमीन दिसते. पुढच्या बाजूच्या कोलांटीत ती फार उशिरा दिसते. त्यामुळे अंग केव्हा उघडायचे हे डोळ्यांवर नव्हे, तर अंगात मुरलेल्या अंदाजावर ठरते, आणि बहुतेक जणी खूप खाली बसून, गुडघे पूर्ण वाकवून उतरतात. दीपाही रिओत तशीच खोल बसली. तिने पाय सोडले नाहीत, ती उठून उभी राहिली, हेच केवढे मोठे. पण त्या खोल बैठकीची वजाबाकी होणारच होती. ‘मृत्यूची उडी’ हे तिला चिकटवलेले नाव मला कधीच आवडले नाही. त्या नावाने वाचकाचे लक्ष धोक्यावर खिळते आणि उडीतली मेहनत नजरेआड होते.

प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी आणि दीपा यांनी हीच उडी का निवडली असावी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे झाले आहे की काठिण्य आणि सफाई यांची कमाई वेगवेगळ्या मार्गांनी होते. काठिण्य धाडसी खेळाडू आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा एक जाणकार प्रशिक्षक मिळून, तुलनेने कमी साधनांत, काही वर्षांत उभे करू शकतात. सफाईचे तसे नाही. ताणलेली पावले, जुळलेले गुडघे, हवेत सरळ राहिलेली पाठ आणि उतरताना न हललेले पाऊल ही सहाव्या-सातव्या वर्षापासून, चांगल्या गाद्यांवर, फोमच्या खड्ड्यात हजारो वेळा केलेल्या सरावाची जमापुंजी असते, आणि ती जमा व्हायला साधने, तास आणि न थकणारी माणसे लागतात. दीपाचे पाय सपाट तळव्यांचे होते, आणि सुरुवातीच्या काळात तिचा व्हॉल्ट जुन्या स्कूटरच्या भागांपासून बनवला होता, असे अनेकदा छापून आले आहे. अशा जागेवरून निघालेल्या मुलीने जगातल्या पहिल्या चार जणींत येण्यासाठी काठिण्याचा रस्ता धरावा, यात मला धाडसाइतकाच हिशेबही दिसतो, आणि तो हिशेब बरोबर होता. पहिला रकाना त्या दोघांनी मिळून भरला. दुसरा भरायला देशाची मदत लागते.

आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१७ मध्ये प्रोदुनोव्हाचे काठिण्य ७.० वरून ६.४ वर आणले. त्या वेळी आपल्याकडे नाराजी झाली, मलाही वाईट वाटले. तरीही तो निर्णय मला आज योग्य वाटतो, कारण ज्या उडीचे मोल इतके मोठे ठेवले जाते की खाली बसून उतरले तरी ती परवडते, ती उडी तयारी नसलेल्या मुलीही करू लागतात.

माझ्या भाचीमुळे हे आकडे माझ्या घरात रोजचे झाले. ती बारा वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षे पुण्यातल्या एका वर्गात जिम्नॅस्टिक्स शिकते. मी स्वतः लहानपणी व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब केला होता. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिले, त्याची शिकवण आमच्या गावातल्या व्यायामशाळेत भक्तिभावाने पाळली जात असे. दोरीवर पद्मासन जमले की आम्हाला जग जिंकल्यासारखे वाटे, पण आमच्या बाई आसनाकडे जितक्या पाहत त्याहून अधिक आम्ही दोरीवरून कशा उतरतो याकडे पाहत. घाईने घसरत खाली आलेल्या मुलीला त्या पुन्हा वर पाठवीत. तेव्हा तो निव्वळ कडकपणा वाटे. भाचीच्या प्रशिक्षक ताईंनी जेव्हा पहिल्यांदा मला सांगितले, “मॅडम, हवेत काय केलं ते सगळ्यांना दिसतं, पंच उतरण्यावर कापतात,” तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या बाई एकदम डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत भाचीला व्हॉल्टमध्ये नववा क्रमांक मिळाला आणि ती रडवेली होऊन घरी आली. क्रमांकाने काहीच कळत नव्हते. आम्ही गुणांचा कागद पाहिला, तेव्हा तिचे काठिण्य पहिल्या पाच मुलींच्या बरोबरीचे निघाले आणि सगळा फरक सफाईत सापडला. ताईंनी तिला नवी उडी न शिकवता त्यानंतरचा पूर्ण एक महिना उतरण्यावर दिला. काय करून घेतले, ते मी वर्गाच्या बाकावर बसून पाहिले आहे. आधी गुडघाभर उंचीच्या ठोकळ्यावरून साधी उडी, दोन्ही पावले कमरेइतक्या अंतरावर, गुडघे थोडे वाकलेले, हात समोर, आणि मनात तीन मोजेपर्यंत पुतळ्यासारखे स्थिर. मग ठोकळा उंच झाला. मग उडीत अर्धी गिरकी आली, मग पूर्ण. त्यानंतर मऊ गादी काढून कडक गादी ठेवली गेली, कारण मऊ गादी चुका पोटात घेते. दिवसाला तीस उड्या, आणि त्यातली एखादी हलली तर ती मोजायची नाही. जोडीला पाठीवर झोपून पाय आणि खांदे जमिनीपासून किंचित वर उचलून अंग होडीसारखे धरून ठेवणे, आणि भिंतीला पोट लावून हातांवर उभे राहणे. या दोन साध्या आकारांशिवाय हवेतले कोणतेही अंग सरळ राहत नाही, हे ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटले आहे. पाहणाऱ्याला हा सराव कंटाळवाणा वाटेल. मला तो फार सुंदर वाटला, कारण मला त्यात ०.३ हा आकडा बनताना दिसत होता.

त्या महिन्यात भाचीने घरी एक वहीही सुरू केली. मोठ्या स्पर्धांचे निकाल आले की क्रमांक लिहिण्याआधी ती दोन रकाने आखते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची पाने तिच्या वहीत सर्वांत जास्त भरली आहेत.

त्यातले बीमच्या अंतिम फेरीचे पान आम्ही दोघींनी अनेकदा उघडले. दहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या बीमवरून त्या दिवशी आठपैकी निम्म्या खेळाडू पडल्या, आणि त्यांत अमेरिकेची सिमोन बाइल्सही होती. सुवर्णपदक इटलीच्या अलीचे डामातोला १४.३६६ गुणांवर मिळाले. रौप्यपदक मिळवणाऱ्या चीनच्या झोउ याचिनचे काठिण्य तिच्यापेक्षा बरेच वरचे होते, पण तोल सावरण्यासाठी तिला बीमला हात लावावे लागले आणि तिचा आकडा १४.१०० वर थांबला. याच्या उलट अनइव्हन बारवर (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर) अल्जीरियाच्या कायलिया नेमूर आणि चीनच्या चिउ चियुआन या दोघींचे काठिण्य अगदी सारखे, ७.२ होते, नेमूरला सफाईत ८.५ मिळाले, चिउला ८.३, आणि १५.७०० विरुद्ध १५.५०० अशा फरकाने आफ्रिका खंडाला जिम्नॅस्टिक्समधले पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळाले. २०२५ मध्ये जाकार्ता येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या सर्वसाधारण विजेतेपदाचा निकाल अँजेलिना मेल्निकोव्हा ५५.०६६ आणि लीन वाँग ५४.९६६ असा लागला. चार साधनांवरच्या कसरती संपल्यावर दोघींमध्ये एका वाकड्या पावलाएवढे अंतर होते.

पॅरिसमधल्या पुरुषांच्या सांघिक अंतिम फेरीची आठवण मला अजून बेचैन करते. त्या फेरीत प्रत्येक साधनावर तीन जण उतरतात आणि तिघांचेही गुण धरले जातात, एकही वाईट कसरत वगळता येत नाही. शेवटच्या साधनापूर्वी चीन तीन गुणांहून अधिक पुढे होता. शेवटचे साधन होते हाय बार, आणि त्यावरून सू वेइदे दोनदा पडला. तो मुळात संघातही नव्हता. सुन वेइ जखमी झाल्यामुळे त्याला ऐन वेळी घेतले होते. जपानने २५९.५९४ विरुद्ध २५९.०६२ अशा फरकाने सुवर्णपदक जिंकले. त्याच फेरीत जपानचा दाइकी हाशिमोतोही पॉमेल हॉर्सवरून पडला होता, हे विसरता कामा नये. सगळा दोष एका मुलाच्या माथी मारणाऱ्या प्रतिक्रिया वाचून मला फार वाईट वाटले.

आणि मग फ्लोअरची ती अंतिम फेरी, जिचे गुण न्यायालयात मोजले गेले. ब्राझीलची रेबेका आंद्रादे १४.१६६ गुणांनी पहिली आणि बाइल्स १४.१३३ गुणांनी दुसरी, याबद्दल वाद नव्हता. तिसऱ्या जागेसाठी रोमेनियाच्या आना बर्बोसू आणि साब्रिना मानेका-व्होइनेया या दोघींचे १३.७०० गुण झाले होते, आणि समान गुण असल्यास सफाईचे गुण ज्याचे अधिक तो पुढे, या नियमाने बर्बोसू वर होती. सर्वांत शेवटी अमेरिकेची जॉर्डन चाइल्स आली आणि तिला १३.६६६ मिळाले. तिच्या प्रशिक्षकांनी काठिण्याच्या गुणांवर हरकत घेतली. हरकत फक्त काठिण्यावर घेता येते, सफाईवर नाही. गिरकी घेत मारलेल्या एका झेपेचे पूर्ण मूल्य पंचांनी मान्य केले आणि तिचे गुण १३.७६६ झाले. काही दिवसांनी क्रीडा लवादाने असे ठरवले की शेवटच्या खेळाडूसाठी असलेल्या एका मिनिटाच्या मुदतीनंतर चार सेकंदांनी ही हरकत नोंदवली गेली, म्हणून ती ग्राह्य नाही. त्यानुसार कांस्यपदक बर्बोसूला देण्यात आले आणि प्रकरण पुढे स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या तिघी मुलींपैकी एकीचीही यात चूक नव्हती. हरकत केव्हा नोंदवली गेली याची नोंद प्रेक्षकांसमोर फळ्यावर दिसली असती, तर हे सारे टळले असते असे मला ठामपणे वाटते. ज्या खेळात पाऊल रेषेबाहेर पडले तर ०.१ कापला जातो, त्या खेळाच्या आयोजकांनी घड्याळाबाबतही तेवढीच काटेकोर शिस्त पाळायला हवी होती.

सिमोन बाइल्सबद्दल लिहिताना तिच्या पदकांपेक्षा मला टोकियो ऑलिंपिकमधला एक आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो: १३.७६६. सांघिक अंतिम फेरीत तिला व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या. ती दीडच घेऊ शकली, कारण हवेत असताना अंगाची दिशा तिला कळेनाशी झाली. तिने त्याच वेळी माघार घेतली. पुढचे काही दिवस तिने जपानमधल्या एका विद्यापीठाच्या व्यायामशाळेत मऊ गाद्यांवर शांतपणे सराव केला आणि मग बीमवर, उतरताना एकही गिरकी न घेता, कांस्यपदक मिळवले. भाचीच्या वर्गात हा प्रसंग ताईंनी सगळ्या मुलींना सांगितला होता. त्या वर्गात आता नियम आहे की मुलीने “आज गिरकी कळत नाहीये” असे म्हटले, तर कारण न विचारता तिला मागच्या पायरीवरचा सराव दिला जातो. पालकांनी त्यावर नाराज व्हायचे नाही. काही पालक झाले होते. मी त्यांच्याशी भांडले आहे.

वहीत भारताच्या निकालांसाठी वेगळी पाने आहेत आणि ती भरताना एक गोष्ट लक्षात आली. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतले दीपाचे कांस्य व्हॉल्टवर. २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतले तिचे कांस्य व्हॉल्टवर. २०१८ मध्ये मेलबर्नच्या विश्वचषकात अरुणा रेड्डीचे कांस्य, त्याच वर्षी तुर्कस्तानातल्या मर्सिनमध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या दीपाचे सुवर्ण, प्रणती नायकची २०१९, २०२२ आणि २०२५ मधली तीन आशियाई कांस्यपदके, आणि २०२४ च्या मे महिन्यात ताश्कंदमध्ये १३.५६६ गुणांनी दीपाने मिळवलेले आशियाई सुवर्णपदक, ही सर्व व्हॉल्टवर. त्या सुवर्णपदकानंतर साडेचार महिन्यांच्या आत, ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, दीपाने निवृत्ती जाहीर केली. उत्तेजक चाचणीमुळे आलेली एकवीस महिन्यांची बंदीही तिच्या कारकिर्दीत होती, आणि तिच्याविषयी लिहिताना ती वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

व्हॉल्टच का? माझ्या मते कारण सरळ आहे. व्हॉल्टची कसरत काही सेकंदांची असते. तिला वेग, पायांची ताकद आणि धैर्य लागते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या मुलींकडे आहेत. अनइव्हन बारला चांगली साधने आणि हातांची सवय लहानपणापासून लागते. बीमला आणि फ्लोअरला नृत्याचे शिक्षण लागते. महाराष्ट्रात व्यायामशाळांची एवढी जुनी परंपरा असताना किती गावांत मुलींना बार उपलब्ध आहे, हे आपण आपापल्या गावात जाऊन पाहावे. माझ्या गावातल्या व्यायामशाळेत दोरी अजून आहे. बार नाही. पॅरिसला भारताचा एकही जिम्नॅस्ट पात्र ठरला नाही, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची बातमीसुद्धा शोधावी लागली.

निकाल पाहण्याची आमची पद्धत आता ठरून गेली आहे. आधी व्हिडिओ गुणांशिवाय पाहायचा आणि भाचीने स्वतः पंच होऊन वजाबाकी लिहायची: पावले सुटली ०.१, गुडघा वाकला ०.३, उतरल्यावर एक पाऊल पुढे ०.१. मग खरा ई स्कोअर उघडायचा. सुरुवातीला तिचे आकडे पंचांपेक्षा एका गुणाने उदार असत. आता फरक बहुतेक वेळा ०.३ च्या आत असतो. मागच्या महिन्यात तिने दीपाची रिओतली प्रोदुनोव्हा पहिल्यांदाच अशा रीतीने पाहिली. हवेतल्या दोन कोलांट्यांना तिने फार थोडे कापले, उतरण्यापाशी थांबून चित्रफीत चार वेळा मागे घेतली, आणि ८.३ असे लिहिले. मी तिला खरा आकडा दाखवला. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, “मावशी, दीपादीदीच्या वर्गात कडक गादी होती का गं?”